डाव्या बाजूचा दिवा

आमच्या दुकानाच्या माडीवर डोकी आहेत. थर्माकोलची, पांढरी, नाक आहे, डोळे नाहीत. प्रत्येकावर काही ना काही चढवलेलं असतं. कुणावर कृष्णाचा मोरपिसाचा मुकुट, कुणावर मावळ्याची पगडी, कुणावर महिषासुराची शिंगं. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा मी त्या खोलीत एकटी जायची नाही. नांदेडच्या मास्तरांची पोर मी. आमच्या घरात शोभेची वस्तू म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. आणि सासर मिळालं ड्रेपरीवाल्यांचं! ड्रेपरी म्हणजे शाळांच्या गॅदरिंगला, नाटकांना, मिरवणुकांना पोशाख भाड्यानं देणारं दुकान. खाली दुकान, मधे आम्ही, वर डोकी.

विष्णुपुरीच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि करून काय राहिली, तर राक्षसाच्या शिंगांत दिवे बसवून राहिली, असं माझा भाऊ अजून म्हणतो. म्हणू दे. त्याच्या कचेरीत त्याला कुणी विचारत नाही, मला निदान राक्षस तरी विचारतात.

झालं असं, की अलीकडं शाळांच्या मॅडम आल्या की त्यांचा पहिला प्रश्न, "लायटिंगवाला मुकुट आहे का?" आमचे हे दिवाळीची माळ मुकुटाला सेलोटेपनं गुंडाळून द्यायचे. त्या माळेनं एका कृष्णाचा कान असा पोळला, की बासरी टाकून ते लेकरू स्टेजवरून थेट आईकडं पळालं. मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, सरका बाजूला, हे काम माझं.

मी एकच गोष्ट ठरवली: दिवे एका जागी, सोंगं दुसऱ्या जागी. बांधकामावर घालतात त्या पिवळ्या हेल्मेटच्या आतली जाळी घेतली. ती कोणत्याही डोक्याला घट्ट-सैल होते. तिच्यावर पट्टा शिवला. पट्ट्यात पुढं-मागं मधोमध एकेक दिवा, दोन्ही कानशिलांवर बारीक दिव्यांची एकेक ओळ, वर जाळीत मुकुटाखाली लपेल अशी सेलची डबी. वरचा मुखडा, म्हणजे मुकुटाची दर्शनी बाजू, वेगळा: फोमचा, सोनेरी कागदाचा, रंगीत खड्यांचा. तो टिचबटणांनी पट्ट्यावर बसायचा, आणि टिचबटण दाबलं गेलं की त्या बाजूचा दिवा लागून खडे मागून उजळायचे. देवीचा काढा, कृष्णाचा लावा, टच्च. कोणताही मुखडा कोणत्याही पट्ट्यावर, पट्टा उलटा धरा की सुलटा. सगळे पट्टे अगदी डिट्टो. याचा मला केवढा गर्व होता म्हणून सांगू!

माझ्या सासूबाईंना तेवढं ते पटलं नाही. त्यांना मी आत्याबाई म्हणते. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलणं तुकडा पाडल्यासारखं.

"सकाळी राक्षसाच्या डोक्याला आन संध्याकाळी देवीच्या? इटाळ न्हाई का?"

"आत्याबाई, करंटला विटाळ नसतो."

"करंटला नसंल. देवीला असतो."

त्यांच्यापुढं माझी डिग्री कधीच चालली नाही.

आता माझी नणंद. ह्यांच्यापेक्षा बरीच लहान, डी.एड. झालेली, अबोल. त्या घरात माझ्याशी मनातलं बोलणारी तेवढी तीच. तिच्यात एक अजब गुण होता: ती हलायची नाही. बसली की बसली. गल्लीतल्या मंडळानं नवरात्रात सजीव देखावा करायचं ठरवलं, म्हणजे जिवंत माणसांनी मूर्तीसारखं निश्चल राहायचं, तेव्हा देवी कोण हा प्रश्नच आला नाही. महिषासुर झाला कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला. तो पायाशी पडल्या पडल्या हळूच पाठ खाजवायचा आणि पोरं खिदळायची. नणंदेच्या मात्र पापणीवर माशी बसली तरी पापणी ढळायची नाही. कौतुक वाटायचं, आणि खरं सांगते, भीतीही वाटायची.

त्याच दिवसांत तिच्या लग्नाचं घाटत होतं. मुलगा हदगावला शिक्षक. श्रावणात बघायला आला होता. "एकट्या असलात की काय करता?" त्यानं विचारलं. "उगं बसते," ही म्हणाली. आत स्वयंपाकघरात माझा पोह्यांतला चमचा थांबला. म्हटलं, गेलं स्थळ हातचं! तर तो मोकळेपणी हसला आणि म्हणाला, "मला पण तेवढंच येतं बघा." त्या दिवसापासून ही पोरगी भाकरी थापताना गुणगुणायला लागली. एकदा पाठमोरी उभी राहून मला म्हणाली, "वहिनी, हेच व्हावं." तिनं आयुष्यात काही मागितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पण आत्याबाईंचं मन घेत नव्हतं. मुलगा चांगला, घर चांगलं, माणसं चांगली, सगळं त्या स्वतःच सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "माझं मन न्हाई घेत." कारण विचारलं तर कारण नाही. दसऱ्याला होय की नाही ते कळवायचं ठरलं होतं.

आणि मधेच देखाव्याचं ते प्रकरण सुरू झालं. सतत काढघाल करून देवीच्या पट्ट्याची कानशिलावरची टिचबटणं ढिली झाली होती. मधला दिवा नीट लागायचा. बाजूचे विझलेले असायचे आणि मधेच एखादी बाजू लागायची. उद्या बसून नीट करू म्हणून मी सोडून दिलं होतं. त्या संध्याकाळी देवीपुढं एक बाई उभी होती. तिचा पोरगा पुण्याला गेलेला, कित्येक दिवस त्याचा फोन नव्हता. हात जोडून तिनं पुटपुटत विचारलं, "येईल का गं माय माझा?" आणि देवीच्या उजव्या कानशिलावरचे खडे उजळले. सावकाश उजळले, सावकाश विझले.

"उजवा दिला!" मागून कुणीतरी ओरडलं. "देवीनं उजवा दिला!"

आमच्याकडं देवीला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओलं फूल चिकटवायचं आणि मनातलं विचारायचं. देवीच्या उजवीकडचं फूल आधी पडलं तर होय, डावीकडचं पडलं तर नाही. आत्याबाईंच्या माहेरी, रेणापूरकडं, बैल विकायचा तरी आधी फूल लावायचे. फुलाच्या जागी दिवा आला, एवढंच. लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी तो पोरगा पाठीवर बॅग घेऊन खरंच दारात!

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला," मी म्हटलं. घरात कुणी हसलं नाही.

मग रांग लागायला लागली. एक शेतकरी आला, चांगला खातापिता, थोडा थट्टेखोर. "बोअर घेऊ का, माय?" असं हसत हसत विचारून त्यानं मित्राला डोळाही मारला. डावा दिवा लागला. तो म्हणाला, दिव्याला काय कळतंय, आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं मशीन लावली. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर, ओठांवर खडकाची पांढरी भुकटी बसलेली होती. थेंब लागला नव्हता. देवीकडं बघत राहिला, आणि देवी त्याच्याकडं. मी पडद्याआड उभी होते. त्या दोघांत आधी कुणाची पापणी लवली, तर त्याची.

मी पकड आणि तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी घेऊन मंडपात गेले, तर मंडळाची पोरं आडवी आली. "वहिनी, हात नका लावू. नऊ दिवस न्हाई काढायचं ते आता." मी म्हटलं, अरे बाबांनो, बिघडलंय ते! तर त्यांनी कानावर हात ठेवले. माझ्याच हातची वस्तू, आणि मलाच तिला शिवायची बंदी.

म्हणून मुखडा पट्ट्यासकटच तिच्या डोक्यावरून निघायचा आणि तसाच घरी आत्याबाईंच्या देव्हाऱ्यात यायचा. घरी आली तरी नणंद बराच वेळ आमची व्हायची नाही. ओसरीवर बसून राहायची. हाक मारली तर मान वळायची, पण ओळख उशिरानं यायची, जसं काही आधी दुसरंच कुणी वळून बघत होतं. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "लोक काय काय विचारतात, ऐकू येतं का गं तुला?"

"न्हाई वहिनी. मुकुट चढला की इहिरीत उतरल्यावानी होतं. नुसता घुमारा. लोकांची तोंडं हलून राहिली एवढंच दिसतं." मग ती म्हणाली, "पण ऐकत असतं कुणीतरी. माझ्या मागं."

"मागं कनात आहे मंडपवाल्याची," मी म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला होता, तो पदराखाली झाकला.

उलगडा झाला तो फुटाण्यांनी. सातव्या माळेच्या दुपारी मी मुकुट तिच्या डोक्यावर चढवून केसांच्या पिना बघत होते आणि ती उपास सोडून फुटाणे खात होती. डाव्या दाढेखाली फुटाणा गेला, डावा दिवा लागला. उजवीकडं घेतला, उजवा लागला. मी हातातल्या पिना खाली टाकल्या. दात आवळले की कानशिलावरचा स्नायू फुगतो, स्वतःचं बोट लावून बघा. तो फुगून ढिलं टिचबटण दाबत होता. बस, एवढंच!

"देवी नाही गं, दाढ आहे ही!" मी ओरडलेच. आम्ही दोघी पोट धरून हसलो. किती दिवसांनी ती हसली. मग हसता हसता ती थांबली. "पण वहिनी, त्या बोअरचं माझ्या दाढेला काय ठाऊक?" मी तिलाच दटावलं, की उगं फाटे फोडू नकोस.

त्याच रात्री जेवताना आत्याबाईंनी सांगून टाकलं, "हदगावचं मी उद्या अष्टमीला देवीला इचारते. ती म्हणंल ते पक्कं. मग मला कुणी काही बोलायचं न्हाई." नणंदेचा घास हातातच राहिला. पोटच्या पोरीचं लग्न त्या पोरीलाच विचारणार, आणि तरी तिला नाही विचारणार! मला असा संताप आला की भाजीचं पातेलं आपटलं.

मागं गॅलरीत मी तिला गाठलं. "सोपं आहे. आत्याबाईंनी हात जोडले की उजवी दाढ दाबायची. गच्च."

"देवीच्या नावानं खोटं?"

"खोटं कसलं? तुला तो हवाय की नको?"

"हवाय." ती लगेच म्हणाली. मग हळूच, "लई हवाय, वहिनी."

"मग झालं तर. खरंच आहे ते. फक्त दिव्यातून सांगायचं."

अष्टमीला गल्ली गच्च भरली होती. दिवेलागणीची वेळ, आरती नुकतीच झालेली. आत्याबाई नवं इरकल नेसून आल्या. आपल्या लेकीपुढं उभं राहून त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आई, पोरीचं हदगावला करू का?"

मी पडद्याजवळ तिच्या उजव्या अंगाला होते. तिचा जबडा आवळला गेला. उजव्या कानाजवळची शीर टरारून फुगली, ती मी या डोळ्यांनी बघितली. ती दाढ दाबत होती, जिवाच्या करारानं दाबत होती.

डावा दिवा लागला.

याआधी तो लागायचा आणि विझायचा. आता लागला तो लागलाच. तांबड्या खड्यांतून त्याचा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर उतरला, आणि तेवढा अर्धा चेहरा मला तिचा वाटेना. गर्दीतून एक लांब उसासा आला. आत्याबाईंनी डोळे मिटले. "न्हाई म्हणली," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट, ओझं उतरल्यासारखा होता.

मग देवी हलली. आधी तिनं हातातला त्रिशूळ खाली ठेवला. पायाशी पडलेल्या झेरॉक्सवाल्यानं एक डोळा उघडला आणि तो सरपटत मागं सरला. तिनं दोन्ही हातांनी मुकुट उतरवला, बैठकीवर ठेवला आणि ती खाली उतरून आईपुढं उभी राहिली. केस चिकटलेले, कपाळावर पट्ट्याचा लाल वळ. आवाज स्वच्छ होता.

"आई, ती न्हाई म्हणली. आता मला इचार."

माझ्या डोळ्यांना पाणीच आलं. वाटलं, आता ही माऊली लेकीला पोटाशी धरील. पण आत्याबाईंचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. त्या तिच्या खांद्यावरून मागं बघत होत्या. मीही वळून बघितलं. रिकाम्या बैठकीवर मुकुट पडला होता. आत डोकं नाही, दाढ नाही, काही नाही. आणि डावी बाजू तशीच जळत होती.

"बाजूला हो," आत्याबाई लेकीला म्हणाल्या. तिला हातानं सारून त्या पुढं झाल्या आणि त्या रिकाम्या बैठकीपुढं डोकं टेकवलं.

मी धावत जाऊन मुकुट उचलला, फिरवला, डबी उघडून सेल ओढून काढले. दिवा विझला, पण सेल माझ्या मुठीत आल्यावर विझला. एखादा श्वास घ्यावा एवढ्या उशिरानं. ते कोणी बघितलं नाही. मी बघितलं.

आमचे हे म्हणतात, मुखडा पुसायला कुणी काढला असेल, परत लावताना पट्टा उलटा बसला असणार. तूच तर तसा बनवलास, पुढून मागून सारखा. तारा पिळवटल्या, बटण ढिलं, एकाला दाबलं तर दुसरंच लागलं; नंतर अडकून राहिलं. असेलही. पण पट्टा उलटा होता का सुलटा, हे बघायच्या आतच मी तो घाईघाईनं फिरवला होता, आणि पुढं तो बाकीच्या पट्ट्यांत मिसळला; सगळे अगदी डिट्टो! मग मी बसून एकेक उसवला, दाबला, हलवला. कोणत्याच पट्ट्यात तसं पुन्हा झालं नाही. नणंदेला विचारलं, तर ती एवढंच म्हणाली, "उजवीच दाबली होती वहिनी. दाढ दुखून राहिली अजून."

लग्न मात्र झालं. दसऱ्याला तिनं स्वतः हदगावला फोन लावला आणि होय म्हणून सांगितलं. ह्यांनी पहिल्यांदा आईपुढं तोंड उघडलं. कार्य नांदेडला केलं, माझ्या माहेरच्यांनी सगळं बघितलं. आत्याबाई आल्या, अक्षता टाकल्या, लेकीला उराशी धरलं. भांडल्या नाहीत, रुसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तिनं सांगायचं ते सांगितलं. आता तुमचं तुम्ही बघा." भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं.

जावई माणूस सोन्यासारखा आहे. शाळेतून येताना हिच्यासाठी गरम भजी आणतो. दोघं संध्याकाळी अंगणात उगंच बसतात. आता तिला दिवस गेलेत, आणि तिचा आवाज असा भरलेला येतो फोनवर, की ऐकत राहावं.

परवा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, डोहाळे झाले. मग ती म्हणाली, "वहिनी, आई रोज सकाळी फोन करती आन एकच इचारती, बरी हाईस ना? मी हाव म्हणते. तरी ती फोन ठेवत न्हाई. माझं हाव तिला पटतच न्हाई. तुम्ही तर सगळं बघितलंय. तुम्ही तरी सांगा की तिला, मी खरंच लई सुखात हाय."

"सांगते ना," मी म्हटलं. "आजच सांगते."

आणि मग, जीभ चावायच्या आत, माझ्याच तोंडून निघून गेलं, "पण बरी आहेस ना गं?"